सात महिन्यांच्या कालवडी

आमच्या गावात माणसाच्या वयात दोन-पाच वर्षं इकडेतिकडे झाली तर कोणी मनावर घेत नाही. शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी अर्ध्या गावाला एक जूनला जन्माला घातलंय, आणि त्यावर एकाही आईने हरकत घेतलेली नाही. स्थळ आलं की मुलगी दोन वर्षांनी लहान होते, निराधार योजनेचा अर्ज भरायचा असला की म्हातारा पाच वर्षांनी मोठा होतो. तेव्हा तीन वर्षांपूर्वी एका महिन्यात गावातल्या जवळजवळ सगळ्या कालवडी एकदम सात महिन्यांच्या झाल्या, याचं कोणाला नवल वाटलं नाही. मला वाटायला हवं होतं, कारण ती वयं मीच लिहिली होती.

मी योगिनी. इंझोरीपासून पाच-सहा किलोमीटरवरच्या या गावात मी पशुसखी आहे. म्हणजे जनावरांचे डॉक्टर आले की त्यांना गोठे दाखवायचे, गायीच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा नंबर मोबाईलमध्ये चढवायचा, लस टोचताना दावं धरायचं आणि बिथरलेल्या गायीची लाथ डॉक्टरांऐवजी आपण खायची. घरी नवरा भागवत आणि सासूबाई. सासूबाईंचं नाव चतुराबाई. ठेवणाऱ्याने पुढचं सगळं बघून ठेवलं असावं.

त्या वर्षी दवाखान्याकडून सांसर्गिक गर्भपाताची लस आली. हा रोग झालेली गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभ टाकते, आणि तिचं कच्चं दूध पिणाऱ्याला किंवा वार काढणाऱ्यालाही तो धरतो. लस द्यायची ती फक्त चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला, आयुष्यात एकदाच. तेव्हाच्या डॉक्टरांनी हे मला तीनदा बजावलं होतं. पण नेमका त्याच महिन्यात पशुमेळावा आला. त्यात आठ महिन्यांच्या आतल्या, लस टोचलेल्या कालवडींची स्पर्धा होती. भाग घेणाऱ्या प्रत्येकाला सरकीच्या ढेपेचं पोतं, आणि पहिल्या नंबराला दुधाची मोठी स्टीलची कॅन आणि प्रशस्तिपत्र. मग काय विचारता.

आमची मैना तेव्हा चांगली तेरा महिन्यांची होती. सासूबाई म्हणाल्या, सात लिही. मी म्हटलं, आई, ही सातची दिसते तरी का? त्या म्हणाल्या, खात्यापित्या घरची आहे, लिही तू. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नव्या सुनेने कालवडीच्या वयावरून सासूशी भांडावं एवढी मी तेव्हा शूर नव्हते. मी सात लिहिलं. आता घरच्या कालवडीला सात लिहिल्यावर हबीबभाईंना कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? त्यांची अकरा महिन्यांची होती, ती सातची झाली. जगदेव गुरुजींची सव्वा वर्षाची सातची झाली. गुरुजी तर मला बाजूला घेऊन म्हणाले, आठ लिहू नकोस, काठावरचा आकडा असला की संशय येतो. शाळेत वाढदिवस वाटणाऱ्या हेडमास्तरांचे ते सख्खे भाऊ. लस टोचताना डॉक्टरांनी कालवडी नाही, माझी यादी बघितली; त्यांना संध्याकाळपर्यंत आणखी दोन गावं उरकायची होती.

मेळाव्यात मैना त्या वासरांमध्ये अशी उभी होती, जशी बालवाडीत दहावीची पोरगी. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तोंडात बोटं घातली आणि विचारलं, हिला खाऊ काय घालता? सासूबाईंनी पंधरा मिनिटं सांगितलं. ते त्यांनी लिहूनही घेतलं. मैना पहिली आली.

अख्ख्या गावात एकच माणूस खरं बोलला. समोरच्या घरचे भाऊसिंग राठोड, आमचे भाऊसिंगकाका. खरं बोलण्याचा काकांना नुसता अभिमान नव्हता, हौस होती. लग्नात जेवून उठले की वरणात मीठ जास्त पडल्याचं यजमानाला सांगितल्याशिवाय ते हात धूत नसत. त्यांच्या राणीचा जन्म त्यांनी गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने तारखेसकट लिहून ठेवला होता. ती मोजून सहा महिन्यांची होती. ती दुसरी आली.

तेव्हापासून तीन वर्षं गाव एकच वाक्य ऐकत होतं. चहाच्या हॉटेलात, सोयाबीनच्या मळणीयंत्रावर, एकदा तर मयतीला गेल्यावरसुद्धा काकांनी ते म्हटलं. "खरं वय सांगतलं, म्हनून दुसरा आलो." सासूबाईंनी त्यावर तोंडाने कधी उत्तर दिलं नाही. त्या रोज सकाळी बक्षिसाची कॅन हातात झुलवत काकांच्या दारावरून दूध केंद्राकडे जायच्या. दुसऱ्या गल्लीने केंद्र जवळ पडतं.

या हिवाळ्यात खेमाला ताप आला. गावातल्या गायींची सुईण म्हणजे खेमा. कोणाची गाय अडली की बाह्या सरसावून हा हजर, आणि मोबदला म्हणून एक कप चहा, तोही साखर कमी. त्याचा ताप आठ दिवस यायचा, चार दिवस जायचा, पुन्हा यायचा. अंथरूण घामाने भिजायचं, गुडघे धरायचे. मलेरियाचं औषध झालं, टायफॉइडचं झालं, अंगारा लावून झाला. शेवटी वाशीमच्या एका डॉक्टरांनी विचारलं, जनावरांत असता का? मग रक्त तपासलं, आणि तोच गाभ टाकण्याचा रोग निघाला. दीड महिन्याच्या गोळ्या सुरू झाल्या. पण त्याला तो दिला कोणत्या गायीने, हे कोणालाच माहीत नव्हतं.

ते शोधायला आल्या डॉक्टर वैजयंती. दवाखान्यात नव्याच रुजू झालेल्या, बोलायला मऊ आणि ऐकायला पक्क्या. दिवसभरात आम्ही एक्केचाळीस गायींच्या मानेतून रक्त काढलं. मी दोन लाथा खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्यांनी मला शेजारी उभं करून तपासणी दाखवली. नळी उभी ठेवली की रक्त खाली बसतं आणि वर पिवळसर पाणी राहतं. पांढऱ्या फरशीवर त्या पाण्याचा एक थेंब, त्याला लागून गुलाबी औषधाचा एक थेंब, दोन्ही काडीने एकत्र करायचे आणि फरशी चार मिनिटं अलगद हलवायची. गाय चांगली असली तर थेंब एकसारखा गुलाबी राहतो. नसली तर त्यात नासलेल्या दुधासारखे कण धरतात. एक्केचाळीसपैकी सात थेंब नासले. त्यातला एक मैनाचा होता.

मैनाची आई तिला आठ दिवसांची टाकून मेली होती. सासूबाईंनी तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं, थंडीत स्वतःच्या गोधडीत घेतलं. आता ती दुसऱ्यांदा गाभण होती. डॉक्टरांनी सांगितलं, सातही गायी वेगळ्या बांधा, दूध केंद्रावर देऊ नका, विकू नका. पुढच्या तपासणीतही तेच आलं तर गाय गावात ठेवता येणार नाही, तिला इतर जनावरांपासून कायमचं दूर हलवावं लागेल. मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा सासूबाई मैनाच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. तो हात थांबला नाही.

भागवतने सुचवलं की बाजाराच्या दिवशी लांबच्या गावाला नेऊन गुपचूप विकू. त्याला सासूबाईंनी अशा शिव्या दिल्या की तो जेवायचा थांबला. आपलं दुखणं दुसऱ्याच्या दावणीला बांधायचं नाही, हे त्यांचं पक्कं होतं. त्यांचं म्हणणं दुसरंच होतं. तपासणीच खोटी आहे. रंगपंचमीच्या पाण्यात रक्त टाकलं तर कोणतंही रक्त नासेल, असं त्या गावभर सांगत सुटल्या.

गंमत म्हणजे डॉक्टरांनाही काहीतरी खटकत होतं. सात गायी आजारी, मग गाभ टाकलेल्या किती? मी घरोघर विचारून आले. एकही नाही. भाऊसिंगकाकांची राणी तीन महिन्यांपूर्वी व्यायली होती. वासरू त्यांनी धनजला बहिणीकडे दिलं होतं, कारण बहिणीच्या गायीचं वासरू मेलं होतं आणि ती पान्हा सोडत नव्हती. बाकीच्यांची वासरं गोठ्यात नाचत होती. डॉक्टर म्हणाल्या, पुन्हा रक्त काढू आणि मोठ्या प्रयोगशाळेत पाठवू.

पुन्हा रक्त काढायच्या आधी चार दिवस सासूबाईंनी मैनाला कडुलिंबाचा पाला चारला, रक्त साफ व्हावं म्हणून. चौथ्या दिवशी त्यांचा त्या पाल्यावरचाही विश्वास उडाला असावा. कारण सकाळी डॉक्टर आल्या तेव्हा मैनाच्या खुंट्याला आमची म्हातारी तांबडी बांधलेली होती. दोघींचा रंग एक, शिंगं जवळजवळ एक. तांबडीच्या कानातल्या बिल्ल्यावर मात्र इतकं शेण थापलं होतं की कान खाली लोंबत होता. मी बघितलं आणि डोळे मिटले.

डॉक्टरांनी खिशातून रुमाल काढला, बिल्ला पुसला आणि नंबर वाचला. कुटाराच्या, म्हणजे सोयाबीनच्या भुशाच्या, ढिगामागे मैना हंबरली. सासूबाई खोकल्या. मैना पुन्हा हंबरली. मग डॉक्टर स्वतःच ढिगामागे गेल्या, मैनाचं रक्त काढलं, आणि जाता जाता सहज तिचं तोंड उघडून दात पाहिले. कागदाप्रमाणे मैना साडेतीन वर्षांची, म्हणजे सहा दाती हवी होती. तिचे आठही दात जुळलेले होते, म्हणजे चार तरी पुरी झालेली.

"हिचं वय कोणी लिहिलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, मी. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की त्यापेक्षा मैनाची लाथ बरी. मग त्या कुटाराच्या पोत्यावर बसल्या आणि सासूबाईंना समोर बसवून घेतलं.

"आजी, तपासणी खोटी नाही. पण तिला एवढंच कळतं की या रक्ताने तो जंतू कधीतरी बघितलाय. रोगाचा बघितला की लशीतला, ते तिला कळत नाही. वेळेत लस दिली तर ती खूण वर्ष-दीड वर्षात पुसली जाते. कालवड मोठी झाल्यावर दिली तर कित्येकींत वर्षानुवर्षं राहते, आणि चांगली गायसुद्धा आजारी दिसते. म्हणून मला खरं वय हवंय."

सासूबाईंनी मातीत एक रेघ ओढली आणि पुसली. "म्हंजे थे गुलाबी पानी खरं बोलून राह्यलं," त्या म्हणाल्या. "खोटं आमीच बोललो."

त्यांनी तिथल्या तिथे सगळं कबूल केलं, तेराचे सात कसे झाले तेही. फक्त हे गोठ्यातच राहावं, एवढी त्यांची अट होती. डॉक्टर म्हणाल्या, तसं जमणार नाही. सातही गायींची खरी वयं हवीत, सगळ्यांसमोर, सहीसकट. नाहीतर प्रयोगशाळा कागदावरचंच वय धरणार, आणि त्या वयाला मैना आजारीच ठरणार. उद्या सकाळी शाळेच्या व्हरांड्यात मालकांना बोलवा, असं मला सांगून त्या निघून गेल्या. तुमचं काय करायचं ते नंतर बघू, हेही सांगायला विसरल्या नाहीत.

संध्याकाळी भाकरी थापताना सासूबाईंचं एकच चाललं होतं. भाऊसिंग नाचेल. तीन वर्षं तो या दिवसाची वाट बघतोय, ढोल लावून नाचेल. भागवत हसला, त्याच्या ताटात करपलेली भाकरी पडली. मी म्हटलं, आई, तुम्ही नाही सांगितलं तर मैना जाईल, आणि तुम्ही नाही सांगितलं तरी मी सांगणार आहे. तीन वर्षं उशीर झाला, पण म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बरी भाकरी माझ्या ताटात टाकली.

सकाळी व्हरांड्यात सात मालकांऐवजी सत्तर माणसं जमली. आमच्याकडे तमाशाला आमंत्रण लागत नाही. खेमाही घोंगडी पांघरून खांबाला टेकला होता. तिसरी-चौथीची मुलं वर्गाच्या खिडक्यांना लटकली होती, आणि जगदेव गुरुजी त्यांना आत ढकलायचं सोडून स्वतः मागच्या रांगेत लपले होते.

सासूबाई उभ्या राहिल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि एका दमात बोलल्या. मैना तेरा महिन्यांची होती, सात सांगितलं, सुनेला दम देऊन लिहायला लावलं, बक्षीस खोटं होतं. सांगून झालं तशा खाली बसल्या. व्हरांडा हसायला लागला. मला वाईट वाटलं, आणि त्याच वेळी माझी सासू मला कधी नव्हे इतकी आवडली.

भाऊसिंगकाका नाचले नाहीत, पण त्यांनी तेवढंच बाकी ठेवलं. ते उठले, एकेका माणसासमोर गेले आणि प्रत्येकाला विचारलं, "आयकलं?" ज्याने हो म्हटलं त्यालाही पुन्हा विचारलं. तीन वर्षांचं व्याज ते वसूल करत होते.

सासूबाई बोलल्या आणि बांध फुटला. हबीबभाई म्हणाले, आमची अकराची होती. मागून गुरुजींचा आवाज आला, माझी पंधराची, आणि खिडकीतली मुलं फिदीफिदी हसली. आणखी तिघांनी आपापले महिने सांगितले. लोक नंतर नंतर इतके खुशीत आले की ज्यांच्या गायी चांगल्या निघाल्या होत्या तेही उठून खरं वय सांगायला लागले. एका आजीने तर स्वतःचंच सांगितलं. डॉक्टर लिहीत होत्या, हसू दाबत होत्या. सहा गायींचं झालं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सांगितलं की या सहाही गायींना लस उशिरा मिळाली, त्यामुळे त्यांचा थेंब लशीनेच नासला असण्याची आशा आहे. सातवी राहिली ती भाऊसिंग राठोडांची राणी.

"काका, राणीला लस वेळेवर मिळाली असेल, तर तिच्या रक्तात ही खूण आता राहायला नको होती," त्या म्हणाल्या. "मग ती रोगाचीच धरावी लागेल. लस घेतलेल्या एखाद्या गायीलाही रोग गाठतो. राणीचं तेव्हाचं वय काय?"

काका अजून कोणाला तरी "आयकलं?" विचारायला वळत होते. ते तसेच थांबले. आपलं खरं आपल्याला कुठे घेऊन आलंय, हे त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू चढताना सगळ्यांनी पाहिलं.

"तेरा म्हयने," काका म्हणाले.

तीन वर्षं ज्या सहा महिन्यांनी गावाचे कान किटले होते, ते एका शब्दात तेरा झाले. मला खरं माहीत होतं. राणीचं वय मीच लिहिलं होतं, आणि त्या यादीत तेवढं एकच मी न लाजता लिहिलं होतं. पण माझी जीभ उचलेना. ज्या बाईने गावभर खोटी वयं लिहिली, तिने काकांना खोटारडा कसं म्हणावं?

सासूबाईंना असली अडचण नसते. "काहून खोटं बोलता, भाऊजी?" त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या. "सहाची होती तुमची राणी. पयला नंबर तुमचा होता, मीनं चोरला."

"कायचा पयला? तेराची होती म्हनतो ना मी. नंबर तुमचाच."

"तुमचा."

"तुमचा, वयनी. राहू द्या तुमच्यापाशीच."

ज्या नंबरासाठी दोन घरांत तीन वर्षं हळदीकुंकू बंद होतं, तो नंबर आता दोघंही एकमेकांच्या पदरात टाकत होते आणि कोणीच घ्यायला तयार नव्हतं. हबीबभाईंनी मध्येच आठवण करून दिली, "भाऊ, दीवारवर तं तारीख लिखेली हाये ना?" काका म्हणाले, भिंत चुकली. लोक पुन्हा हसले. मीही हसले, लाज वाटते सांगायला.

तेव्हा खांबाला धरून खेमा उभा राहिला.

"भाऊ," तो म्हणाला, "धनजले वासरू गेलंच नाई. मरेल होतं थे. सात म्हयन्याचं. याच हातानं काढलं मी." त्याला दम लागला होता. "तुमी म्हनलं कोनाले बोलू नको. तं मी वाशीमच्या डॉक्टरलेबी नाई बोललो."

हसू कुठल्या कुठे गेलं. दोन महिने हा माणूस तापात तळमळत पडला होता, आणि दिलेला शब्द त्याने डॉक्टरपासूनही राखला होता. राणी आजारी असेल हे काकांना तेव्हा माहीत नव्हतं, एवढं मी त्यांच्या बाजूने म्हणेन. गाय गाभ टाकते म्हटलं की तिला कोणी विकत घेत नाही, आणि राणी तर त्यांची दुसऱ्या नंबरची राणी. पण खेमाचा ताप कसला हे गावाला कळल्यावरही ते गप्प राहिले, ते मला आजही क्षमा करता येत नाही.

पुढचं आधी सांगून टाकते, म्हणजे कोणाला चुटपुट नको. मैना सुटली. प्रयोगशाळेची बारीक तपासणी चांगली आली, दीड महिन्याने पुन्हा रक्त पाठवलं तेही चांगलं आलं, आणि तिला कालवड झाली. तिचा जन्म मी त्याच दिवशी, तासासकट मोबाईलमध्ये चढवला. बाकीच्या पाचही गायी सुटल्या. राणी नाही सुटली. मला लेखी समज मिळाली, ती मी नीट ठेवलीय.

पण त्या सकाळी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. खेमा बोलला आणि काका व्हरांड्याच्या मधोमध उभे होते. सगळं गाव त्यांच्याकडे बघत होतं. ते पुन्हा एकदा जरी तेरा म्हणाले असते, तरी डॉक्टरांना तेच लिहावं लागलं असतं.

"सहा," काका म्हणाले. "मोजून सहा म्हयने अन् चार दिवस."

डॉक्टरांनी लिहिलं. काकांनी सही केली. सही करून ते बाजूला झाले नाहीत. त्यांनी सदऱ्याच्या बाहीचं बटण काढलं, बाही कोपराच्या वर गुंडाळली आणि हात डॉक्टरांसमोर टेबलावर ठेवला.

"मंग माहंबी रगत घ्या, बाई," ते म्हणाले. "राणीचं धारेवरचं कच्चं दूध मी रोज पेतो. तीन हप्ते झाले, माहंबी आंग तापून राह्यलं, कंबर धरून राह्यली. घरी कोनाले सांगतलं नाई मी."

डॉक्टर म्हणाल्या, मी माणसांचं रक्त काढत नाही, काका. पण काकांनी तो हात काही टेबलावरून काढला नाही. सासूबाई उठल्या, त्यांनी काकांची बाही खाली ओढली, बटण लावलं आणि भागवतला म्हणाल्या, गाडी काढ. खेमा सरकला आणि खांबापाशी त्याने काकांना टेकायला जागा केली.

"वाशीमले जा भागवतसंगं," सासूबाई काकांना म्हणाल्या. "अन् डॉक्टरनं इचारलं, ताप कवापासून, तं तीनच हप्ते सांगजा. दोन नाई."

काकांनी मान हलवली आणि खेमाशेजारी बसले.